हार्ड डिस्कची निवड : किंमत आणि कार्यक्षमता यांचा मेळ

विहिरीवर पंप बसविण्याचा विचार करणारा शेतकरी केवळ स्वस्त मिळतो म्हणून कोणताही पंप उचलून आणीत नाही. विहिरीची खोली किती, पाणी किती लांब न्यावयाचे आहे, भिजवावयाचे क्षेत्र किती आणि वीज किती तास मिळते, याचा हिशेब तो आधी मनाशी मांडतो. पाच अश्वशक्तीने काम भागत असेल तर तो साडेसातचा पंप घेत नाही आणि पाचाची गरज असताना पैसे वाचविण्यासाठी तीनाचाही घेत नाही. हाच व्यवहारी विचार संगणकाची खरेदी करताना मात्र आपण पुष्कळदा विसरतो.

आज ग्रामपंचायत, शाळा, पतसंस्था, दूध संस्था, वाचनालय अशा सर्व ठिकाणी संगणक पोचला आहे. नागरिकाला लागणारा दाखला, सभासदाचे खाते, विद्यार्थ्याची नोंद हे सारे संगणकावर अवलंबून आहे. या नोंदी संगणकाच्या ज्या भागात साठविल्या जातात त्याला आपण हार्ड डिस्क म्हणतो. खरेदीच्या वेळी या भागाविषयी साधारणतः एकच प्रश्न विचारला जातो, तो म्हणजे "किती जीबीची आहे आणि केवढ्याला?" हा प्रश्न चुकीचा नाही, परंतु तो अपुरा आहे. अपुऱ्या प्रश्नामुळे घेतलेली स्वस्त वस्तू पुढे पाच वर्षे खिडकीपुढील रांग लांबविते, किंवा एके दिवशी वर्षानुवर्षांच्या नोंदी घेऊन कायमची बंद पडते. म्हणून हार्ड डिस्कची किंमत आणि तिची कार्यक्षमता यांचा मेळ कसा घालावा, याची माहिती प्रत्येक संस्थाचालकास असणे आवश्यक आहे. त्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही. थोडी माहिती आणि साधे अंकगणित एवढे पुरेसे आहे.

कपाटाएवढ्या यंत्रापासून तळहातापर्यंत

हार्ड डिस्कचा जन्म १९५६ साली अमेरिकेत झाला. आयबीएम या कंपनीने त्या वर्षी 'रॅमॅक' नावाची संगणकप्रणाली बाजारात आणली. तिच्या साठवण-यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एका दांड्यावर फिरत असत. एका मोठ्या कपाटाएवढ्या त्या यंत्रात सुमारे ५० लाख अक्षरे मावत. ही प्रणाली विकत घेणे बहुतेकांना परवडण्यासारखे नव्हते. ती भाड्याने दिली जाई आणि तिचे भाडे महिन्याला ३,२०० डॉलर इतके होते.

पुढे १९८० साली सीगेट कंपनीने वैयक्तिक संगणकात बसेल अशी सव्वापाच इंची हार्ड डिस्क तयार केली. तिची क्षमता पाच एमबी आणि किंमत १,५०० डॉलर होती. म्हणजे एका एमबीला ३०० डॉलर पडत. आज सर्वत्र मिळणाऱ्या एक टीबीच्या डिस्कमध्ये तशा दोन लाख डिस्कमधील मजकूर मावतो. मधल्या काळात अनेक शोध लागले. त्यांपैकी एकाचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. अल्बेर फेर आणि पीटर ग्रुनबर्ग या शास्त्रज्ञांनी १९८८ साली स्वतंत्रपणे शोधलेल्या एका चुंबकीय परिणामामुळे अतिसूक्ष्म चुंबकीय खुणा वाचणे शक्य झाले आणि तबकडीवर पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक माहिती मावू लागली. या शोधाबद्दल दोघांना २००७ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

दरम्यान जपानमध्ये तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी विकसित केलेली 'फ्लॅश' स्मृती १९८४ साली जगापुढे आली. वीज बंद झाल्यावरही माहिती टिकवून ठेवणारी ही स्मृती आज आपल्या मोबाइल फोनमध्ये, पेन ड्राइव्हमध्ये आणि नव्या पद्धतीच्या डिस्कमध्येही वापरली जाते. या नव्या डिस्कला एसएसडी असे म्हणतात. अशा रीतीने आज ग्राहकापुढे दोन मुख्य पर्याय आहेत. एक फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आणि दुसरा एसएसडी.

दोन प्रकार, दोन स्वभाव

फिरत्या हार्ड डिस्कमध्ये चकचकीत तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे या गतीने फिरत असतात. तबकडीच्या पृष्ठभागावरून एका हलत्या दांडीच्या टोकाशी असलेले वाचन-लेखन शीर्ष सरकते. तबकडी आणि शीर्ष यांच्यामधील अंतर केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी असते. या सूक्ष्म अंतरामुळेच चालू डिस्कला धक्का बसला तर शीर्ष तबकडीला घासून माहिती नष्ट होण्याचा धोका असतो.

एसएसडीमध्ये हलणारा एकही भाग नसतो. तिच्यात माहिती विद्युतभाराच्या रूपाने सूक्ष्म कप्प्यांत साठविली जाते. त्यामुळे ती आवाज करीत नाही, सामान्य धक्क्यांना दाद देत नाही आणि वीजही कमी घेते. तथापि तिच्या कप्प्यांवर पुन्हा पुन्हा लिहिण्यास मर्यादा असते. वापर होत जाईल तसतसे कप्पे झिजतात.

ध्वनिमुद्रिकेच्या तबकडीवर मधलेच गाणे ऐकावयाचे झाल्यास सुई उचलून नेमकी त्या जागी ठेवावी लागते. फिरत्या हार्ड डिस्कचे काम काहीसे तसेच चालते. एसएसडी मात्र टपाल कार्यालयातील खणांच्या कपाटासारखी आहे. कोणत्याही खणातील पत्र काढावयास सारखाच अल्प वेळ लागतो. दोन्ही प्रकारांचे गुणदोष या एका फरकातून निर्माण झाले आहेत.

वेग म्हणजे नेमके काय?

डिस्कच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत जो वेग छापलेला असतो तो सलग मजकूर वाचण्याचा वेग होय. आजची फिरती डिस्क सेकंदाला साधारण १५० ते २५० एमबी सलग वाचू शकते. साटा जोडणीची एसएसडी सुमारे ५५० एमबी वाचते. हे आकडे पाहून एसएसडी फार तर तिप्पट वेगवान असेल, असा समज होतो. परंतु दैनंदिन कामात संगणक एकच मोठी फाइल सलग वाचीत बसत नाही. संगणक सुरू होताना किंवा एखादी प्रणाली उघडताना तो इकडेतिकडे विखुरलेले हजारो लहान तुकडे गोळा करीत असतो.

येथे फिरत्या डिस्कची खरी अडचण दिसून येते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवा तो मजकूर शीर्षाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद वाट पाहावी लागते. शीर्षाला योग्य जागी सरकण्यास आणखी ९ मिलिसेकंद लागतात असे धरले, तर एका तुकड्यामागे १३ मिलिसेकंद खर्ची पडतात. म्हणजे सेकंदाला जेमतेम ७५ तुकडे वाचले जातात. एसएसडीला एका तुकड्यासाठी मिलिसेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहूनही कमी वेळ पुरतो. म्हणजेच सेकंदाला १० हजार तुकडे वाचणे तिला सहज शक्य असते.

समजा, एखाद्या कामासाठी असे १२ हजार तुकडे वाचावे लागणार आहेत. फिरत्या डिस्कला त्यासाठी १६० सेकंद लागतील, तर एसएसडीला सव्वा सेकंदही पुरेल. प्रत्यक्षात संगणकाच्या इतर भागांनाही आपापला वेळ लागत असल्याने एवढी तफावत दिसत नाही. तरीही दोन-तीन मिनिटे घेणारा संगणक अर्ध्या मिनिटाच्या आत कामाला तयार होतो, हा अनुभव अनेक कार्यालयांनी घेतला आहे.

मग सर्वांत वेगवान ती सर्वांत चांगली असे समजावे काय? तसेही नाही. एसएसडीमध्येही साटा आणि एनव्हीएमई असे दोन जोडणीप्रकार आहेत. एनव्हीएमई प्रकारची डिस्क सेकंदाला ३,५०० एमबी, तर तिच्या पुढच्या पिढीतील डिस्क ७,००० एमबीपर्यंत सलग वाचू शकते. चित्रफितींचे संपादन करणाऱ्यास हा वेग उपयोगी पडतो. पत्रे, दाखले, हिशेबाचे तक्ते अशी कामे करणाऱ्या संगणकावर मात्र साटा आणि एनव्हीएमई यांतील फरक सहसा जाणवतही नाही. फिरत्या डिस्कवरून एसएसडीकडे येणे म्हणजे बैलगाडीतून उतरून मोटारीत बसणे होय. एका एसएसडीवरून दुसऱ्या अधिक वेगवान एसएसडीकडे जाणे म्हणजे गावातल्या गल्लीत फिरण्यासाठी शर्यतीची मोटार घेणे होय. नव्या संगणकात एनव्हीएमईची सोय असेल आणि दोन्हींच्या दरांत फारसा फरक नसेल तर ती अवश्य घ्यावी. केवळ खोक्यावरील आकड्यासाठी मात्र जादा पैसे मोजू नयेत.

किंमत कशी मोजावी?

किंमत मोजण्याची प्रचलित रीत म्हणजे दर जीबीमागील दर. या रीतीने पाहिल्यास मोठ्या क्षमतेत फिरती डिस्क निःसंशय स्वस्त ठरते. लहान क्षमतेत मात्र हे गणित बदलते आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. फिरत्या डिस्कमध्ये कितीही कमी माहिती साठवावयाची असली तरी मोटर, तबकडी, शीर्ष आणि भक्कम आवरण हे सर्व लागतेच. त्यामुळे तिची किंमत एका मर्यादेखाली उतरत नाही. एसएसडीमध्ये क्षमता निम्मी केली की स्मृतीचे घटकही कमी लागतात आणि किंमत त्या बेताने खाली येते. म्हणून २५० किंवा ५०० जीबीच्या गरजेसाठी एसएसडी आणि फिरती डिस्क यांच्या किमती जवळजवळ येतात. आठ-दहा टीबीची गरज असल्यास एसएसडी कितीतरी पटींनी महाग पडते.

दुसरा भाग वेळेच्या किमतीचा. समजा, एका कार्यालयातील संगणकावर फिरत्या डिस्कमुळे दिवसाला एकूण १० मिनिटे केवळ वाट पाहण्यात जातात. वर्षाचे कामाचे दिवस २५० धरले तर २,५०० मिनिटे, म्हणजे जवळजवळ ४२ तास होतात. आठ तासांचा दिवस धरल्यास ते पाच दिवसांहून अधिक भरतात. संगणक पाच वर्षे वापरला तर २६ दिवस, म्हणजे कामाचा एक संपूर्ण महिना वाया जातो. एसएसडीसाठी २,००० रुपये जादा मोजावे लागले असे मानले, तरी पाच वर्षांत वाटून वर्षाला ४०० रुपये पडतात. एका कर्मचाऱ्याच्या पाच दिवसांच्या वेतनाशी या रकमेची तुलना केल्यास स्वस्त काय आणि महाग काय, हे वेगळे सांगावयास नको. शिवाय खिडकीबाहेर उभ्या असलेल्या नागरिकांचा वेळ या हिशेबात धरलेलाच नाही. एका दाखल्यासाठी मजुरी बुडवून आलेल्या माणसाचा अर्धा तास कोणत्याही दरपत्रकात दिसत नाही, परंतु तो कोणी तरी भरीत असतोच.

डिस्कचे भाव स्थिर नसतात, ही गोष्टही ध्यानात ठेवावी. २०११ साली थायलंडमध्ये आलेल्या महापुरात तेथील डिस्क-कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर हार्ड डिस्कचे भाव कडाडले. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या महाकाय संगणककेंद्रांची मागणी वाढल्याने स्मृती-घटकांचे दर वर गेले. यास्तव गेल्या वर्षीच्या दरावरून या वर्षीचे अंदाजपत्रक तयार करू नये. खरेदीच्या सुमारास चालू दर पाहूनच हिशेब मांडावा.

जागा किती लागेल?

अनेकदा गरजेपेक्षा कितीतरी मोठी डिस्क घेतली जाते आणि ती मोठी हवी म्हणून मंद प्रकारची स्वीकारली जाते. यासाठी आधी गरजेचा अंदाज घ्यावा. प्रचलित युनिकोड पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. दोन हजार चिन्हांचे टंकलिखित पान अवघ्या सहा केबीत मावते. त्याच पानाची स्कॅन केलेली प्रतिमा मात्र ५०० केबीच्या आसपास जाऊ शकते. या हिशेबाने एखाद्या जुन्या शाळेने आपली प्रवेश नोंदवही, हजेरीपत्रके आणि निकालपत्रके मिळून एक लाख पाने स्कॅन केली, तर त्यांना ५० जीबी जागा लागेल. म्हणजे ५०० जीबीची एसएसडी त्या शाळेस पुष्कळ काळ पुरेल.

आता याच शाळेत आठ कॅमेरे बसविले असे समजू. प्रत्येक कॅमेरा सेकंदाला अर्धा एमबी चित्रण पाठवीत असेल, तर एका कॅमेऱ्याचे दिवसाचे ४३ जीबी आणि आठ कॅमेऱ्यांचे मिळून सुमारे ३४५ जीबी होतात. महिनाभराचे चित्रण ठेवण्यास १० टीबीहून अधिक जागा हवी. हे काम संथ, सलग आणि अखंड लेखनाचे आहे. तेथे कोणी खिडकीत ताटकळत नसते. म्हणून येथे मोठ्या क्षमतेची, चोवीस तास चालण्यासाठी बनविलेली फिरती डिस्कच योग्य ठरते. एकाच इमारतीत दोन कामांसाठी दोन वेगवेगळी उत्तरे बरोबर असू शकतात, हे या उदाहरणावरून दिसून येईल.

येथे एका नेहमीच्या शंकेचे निरसन करणे योग्य होईल. एक टीबीची डिस्क घेतली तरी संगणकावर ९३१ जीबीच दिसतात आणि विक्रेत्याने फसविले असे ग्राहकास वाटते. उत्पादक एक हजाराच्या पटीत मोजतात, तर संगणकाची प्रचलित प्रणाली १,०२४ च्या पटीत मोजते. त्यामुळे हा फरक दिसतो. माप वेगळे असले तरी माल तितकाच असतो.

आयुष्य, हमी आणि लपलेले दोष

एसएसडी झिजते हे ऐकून काहींना भीती वाटते. ती कितपत खरी आहे, हेही अंकांनीच पाहावे. उत्पादक आपल्या डिस्कवर एकूण किती टीबी लेखन होईपर्यंत हमी लागू राहील, हे जाहीर करतात. समजा, ५०० जीबीच्या एसएसडीवर ३०० टीबी लेखनाची हमी आहे. कार्यालयात दिवसाला २० जीबी लेखन होते असे धरले, तर वर्षाला सात टीबीच्या थोडे वर जाते आणि ती मर्यादा गाठण्यास ४० वर्षे लागतील. तोपर्यंत संगणकच काय, कार्यालयाची इमारतही बदललेली असेल! मात्र वर सांगितलेल्या आठ कॅमेऱ्यांचे चित्रण त्याच डिस्कवर अखंड नोंदविले, तर तीच मर्यादा अडीच वर्षांच्या आतच संपेल.

एसएसडी निवडताना तिच्या कप्प्यांचा प्रकारही पाहावा. टीएलसी प्रकारात एका कप्प्यात तीन, तर क्यूएलसी प्रकारात चार अंक साठविले जातात. दुसरा प्रकार स्वस्त पडतो, परंतु मोठ्या प्रमाणावर लेखन करताना तो मंदावतो आणि त्याची लेखनमर्यादाही सामान्यतः कमी असते. तसेच कोणतीही एसएसडी काठोकाठ भरू नये. दहा ते वीस टक्के जागा मोकळी ठेवल्यास तिचा वेग टिकून राहतो.

फिरत्या डिस्कमध्येही असा एक भेद आहे. काही डिस्कमध्ये अधिक माहिती मावावी म्हणून मजकुराच्या पट्ट्या छपरावरील कौलांप्रमाणे एकमेकींवर थोड्या चढवून लिहिल्या जातात. अशा डिस्कवर जुना मजकूर बदलावयाचा झाल्यास शेजारच्या पट्ट्याही पुन्हा लिहाव्या लागतात. या डिस्कला एसएमआर असे म्हणतात. कधीतरी प्रत काढून ठेवण्यास ती ठीक आहे, परंतु सतत फेरबदल होणाऱ्या नोंदींसाठी सीएमआर प्रकारचीच डिस्क मागावी.

दोन्ही प्रकारांना अचानक जाणाऱ्या विजेचा त्रास होतो. लिहिणे चालू असताना वीज गेल्यास फाइल अर्धवट राहते आणि कधीकधी संपूर्ण नोंदसंग्रहच बिघडतो. जेथे वीज वरचेवर खंडित होते तेथे महागडी डिस्क घेण्यापूर्वी साधा यूपीएस घेणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

प्रत हाच खरा विमा

डिस्क स्वस्त असो वा महाग, एक ना एक दिवस ती बंद पडणारच. ती कधी बंद पडेल, हे कोणीही निश्चित सांगू शकत नाही. यातही दोन्ही प्रकारांचा स्वभाव भिन्न आहे. फिरती डिस्क पुष्कळदा खडखडाट करून किंवा मंदावून पूर्वसूचना देते. एसएसडी मात्र कधीकधी कोणतीही चाहूल न देता एकाएकी बंद पडते. शिवाय झिजलेली एसएसडी दीर्घकाळ विजेविना कपाटात ठेवल्यास तिच्यातील विद्युतभार हळूहळू ओसरू शकतो. म्हणून वर्षानुवर्षे जपावयाच्या प्रतीसाठी तिच्यावर विसंबून राहू नये.

डिस्क पुन्हा विकत घेता येते, पण तिच्यावरील नोंदी विकत मिळत नाहीत. बंद पडलेल्या डिस्कमधून माहिती काढून देणाऱ्यांचा आकार डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट असू शकतो आणि इतके करूनही यशाची खात्री नसते. यासाठी जगभर एक सोपा नियम पाळला जातो. महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या जागी असावी. एकाच संगणकात दोन डिस्क बसवून दोन्हींवर एकाच वेळी लिहिण्याची सोय असते. ती उपयुक्त आहे, परंतु तिला प्रत म्हणता येणार नाही. चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून एकदमच पुसली जाते.

प्रत दुसऱ्या जागी का असावी, याची उत्तरे आपल्याच राज्याने अनुभवली आहेत. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाच्या इमारतीस लागलेल्या आगीत मनुष्यहानी झाली आणि अनेक विभागांची कागदपत्रे भस्मसात झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण येथे पुराचे पाणी घराघरांत, दुकानांत आणि कार्यालयांत शिरले. अशा प्रसंगी संगणक आणि त्याच्याच शेजारच्या खणात ठेवलेली प्रत ही दोन्ही एकाच पाण्यात जातात. नदीकाठच्या संस्थेने आपली एक प्रत उंचावरील दुसऱ्या गावी किंवा मान्यताप्राप्त दूरस्थ साठवण-सेवेत ठेवली, तर पूर ओसरल्यावर तिचे काम पुन्हा सुरू होऊ शकते. महिन्यातून एकदा त्या प्रतीतील दोन-चार फाइली उघडून पाहाव्यात. न तपासलेली प्रत ऐन वेळी उघडली नाही, तर ती असून नसल्यासारखीच होय.

म्हणून अंदाजपत्रक करताना प्रथम प्रतीच्या डिस्कची रक्कम बाजूला काढावी आणि उरलेल्या रकमेत कामाची डिस्क बसवावी. बहुतेक ठिकाणी याचा क्रम उलटा असतो. कामाच्या डिस्कवर सर्व पैसे खर्च होतात आणि प्रत "पुढच्या वर्षी पाहू" या यादीत जाते.

जुन्या संगणकास नवे आयुष्य

मंद झालेला प्रत्येक संगणक मोडीत काढण्याची आवश्यकता नसते. फिरती डिस्क काढून तेथे साटा जोडणीची एसएसडी बसविल्यास कित्येक जुने संगणक पुन्हा कामास येतात आणि नव्या संगणकाचा खर्च काही वर्षे पुढे ढकलता येतो. तथापि संगणक मंद असण्याचे कारण दर वेळी डिस्कच असते असे नाही. कामाची स्मृती, म्हणजे रॅम, अपुरी असेल किंवा इंटरनेटची जोडणी क्षीण असेल, तर डिस्क बदलून विशेष लाभ होणार नाही. काम थांबलेले असताना संगणकातील 'टास्क मॅनेजर' उघडून पाहावा. डिस्कचा आकडा सतत शंभर टक्क्यांच्या जवळ आणि रॅममध्ये मात्र जागा शिल्लक असेल, तर दोष डिस्ककडे आहे असे समजण्यास हरकत नाही. विंडोज १० या प्रणालीची सर्वसाधारण मोफत सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे. म्हणून अतिजुन्या संगणकावर खर्च करण्यापूर्वी त्यावर आजची सुरक्षित प्रणाली चालेल की नाही, याची खात्री करून घ्यावी.

खरेदीच्या वेळी घ्यावयाची काळजी

शासकीय आणि सहकारी संस्थांत कमी दराचे दरपत्रक स्वीकारण्याची पद्धत आहे आणि सार्वजनिक पैशाच्या दृष्टीने ती उचितच आहे. परंतु खरी निवड दरपत्रके उघडताना होत नाही. ती तांत्रिक तपशील लिहिताना होऊन गेलेली असते. "५०० जीबी हार्ड डिस्क" एवढेच लिहिले, तर त्या शब्दांत बसणारी सर्वांत स्वस्त वस्तू मिळणार आणि त्याबद्दल विक्रेत्यास दोष देता येणार नाही. म्हणून मागणीपत्रात पुढील गोष्टी स्पष्ट असाव्यात : डिस्कचा प्रकार व जोडणी, क्षमता, एसएसडी असल्यास कप्प्यांचा प्रकार व लेखनाची हमी, फिरती डिस्क असल्यास फेरे आणि सीएमआर की एसएमआर, तसेच हमीचा कालावधी.

माल हाती आल्यावर डिस्कवरील अनुक्रमांक उत्पादकाच्या संकेतस्थळावर तपासून हमीची तारीख पाहावी. वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्या जाण्याचे प्रकार घडतात. डिस्क आजवर किती तास चालली याची नोंद तिच्यातच असते आणि एखाद्या साध्या तपासणी-प्रणालीने ती वाचता येते. बाजारभावाच्या मानाने अविश्वसनीय स्वस्त दरात कित्येक टीबी देऊ करणाऱ्या बाह्य डिस्कपासून तर दूरच राहावे. अशा वस्तू प्रत्यक्षात थोड्याच क्षमतेच्या असतात आणि त्यांच्यावर टाकलेला मजकूर परत मिळत नाही.

जुनी डिस्क भंगारात देतानाही तेवढीच दक्षता हवी. नुसती फाइल पुसल्याने माहिती जात नाही. सभासदांची खाती किंवा विद्यार्थ्यांची माहिती असलेली डिस्क योग्य प्रणालीने संपूर्ण पुसून, किंवा ती नादुरुस्त असल्यास फोडून, अधिकृत ई-कचरा संकलकाकडेच सोपवावी.

समारोप

सारांश, हार्ड डिस्कची निवड हा केवळ जीबी आणि रुपये यांचा प्रश्न नाही. जेथे माणूस वाट पाहत असतो तेथे वेगाला पैसे मोजावेत. जेथे केवळ साठा करावयाचा असतो तेथे क्षमतेला मोजावेत. जेथे गेलेली गोष्ट परत मिळणारी नसते तेथे सर्वांत आधी प्रतीला मोजावेत. सामान्य कार्यालयास २५० ते ५०० जीबीची मध्यम दर्जाची एसएसडी कामासाठी आणि एक-दोन टीबीच्या दोन फिरत्या डिस्क प्रतीसाठी, एवढी सामग्री सहसा पुरेशी होते. त्या दोन प्रतींपैकी एक मात्र दुसऱ्या जागी ठेवण्यास विसरू नये.

पूर्वी गावचे दप्तर लाल कापडात बांधून, कसर लागू नये म्हणून वेळोवेळी उन्हात घालून जपले जाई. ते जपणाऱ्यांना कागदाचे रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, परंतु त्या कागदांवर कोणाची जमीन, कोणाचा जन्म आणि कोणाचा हक्क लिहिलेला आहे याची जाणीव होती. आज दप्तराची जागा तळहातावर मावणाऱ्या पेटीने घेतली आहे. तिची निवड आणि निगा त्याच जाणिवेने केली, तर खिडकीपुढे उभ्या असलेल्या नागरिकाचा वेळही वाचेल आणि त्याच्या नोंदीही पुढील पिढीपर्यंत सुखरूप पोचतील.